खरचटलं आणि लागलं

ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडं परतल्या, की पाटोद्याच्या दवाखान्यात अंजली सिस्टरची कंबर मोडायची. सकाळपासून पट्ट्या बांधून ती पार गळून गेली होती. आता समोर मनकर्णाबाई नडगी पुढं करून बसली होती. चार दिवसांपूर्वी कोयत्यानं पडलेली खोक पार हाडापर्यंत गेलेली, आणि वर हळद दाबून बांधलेली चिंधी.

“केसपेपरवर काय लिहू?”

“खरचटलंय म्हणून लिवा.”

अंजली भडकली. “बाई, आत हाड दिसतंय! ह्याला खरचटणं म्हणतात व्हय?”

“आवो, हातातलं काम खाली ठिवावं न्हाई लागलं, तर आमच्यात त्याला खरचटणंच म्हणत्यात. म्या त्या दिशी अंधार पडस्तोर मोळ्या बांधल्या की.”

“मग ‘लागलं’ कधी म्हणता तुम्ही?”

मनकर्णाबाईनं पदराखाली झाकलेला डावा हात बाहेर काढला. ऊस धरायच्या त्या हाताला तीनच बोटं होती.

“ह्ये लागलं हुतं,” ती म्हणाली. “त्या दिशी दुपारपस्तोर बसून हुते.”