मुका सौदा

मी बी.एस्सी. झाले त्या वर्षी, १९४६ साली, मधुमेहाने आप्पांच्या दोन्ही हातांची बोटे बधिर झाली. माझे वडील अण्णाप्पा सांगलीच्या पेठेत हळदीचे अडते होते. शेतकऱ्याचा माल विकून देत. सौदा मुका असे. खरेदीदार रुमालाखाली अडत्याची बोटे दाबून भाव सांगे, बाकीच्यांना तो कळत नसे.

संध्याकाळी मी त्यांना ग्रीस-रोमच्या स्टोइक तत्त्वज्ञांविषयी वाचून दाखवी. विवेक स्त्री-पुरुषांना सारखाच मिळालेला आहे, म्हणून मुलींनाही तत्त्वज्ञान शिकवावे, असे त्यांच्यातले काही म्हणत. आप्पांनी मान डोलावली.

"बरोबर हाय. आत्म्यात कुठं बाई-पुरुष असतंय?"

"मग सौद्याला मी बसते."

"ते पुस्तकात, पद्मा. पेठेत परका पुरुष तुझा हात धरणार?"

मला राग आला. पुढचे पान वाचले तर हसू आले. त्याच तत्त्वज्ञांनी सूत कातणे बहुधा बायकांकडेच ठेवले होते. निष्कर्ष मान्य, प्रयोग नको.

आप्पांना जमले नाही तर अडतीची गादी चुलतभाऊ अजितकुमारकडे जाणार होती. मला ती हवी होती. हळकुंड मोडून आतला रंग मी त्याच्याहून अचूक सांगत असे, आणि बोटांच्या खुणा लहानपणीच आप्पांकडून शिकले होते.

दुसऱ्या दिवशी कडेगावच्या आकाराम शेतकऱ्याची हळद सौद्याला निघाली. केरबा व्यापाऱ्याने रुमालाखाली आप्पांचा हात धरला. आप्पा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"आवं अण्णाप्पा, काय भाव म्हनत्यात? वरीसभराची मेहनत हाय माझी," आकाराम म्हणाला.

आप्पांनी हात बाहेर काढला. "आकाराम, मला काय कळलं न्हाई. महिना झाला, अंदाजानं विकतोय."

केरबाने रुमाल मागे ओढला.

"मग अजितकुमारला बोलवा," केरबा म्हणाला.

"त्याला हळद कळत न्हाई. पद्माला कळते. तिला बसू द्या."

मागून कोणीतरी म्हणाले, "आता बांगड्यांस्नी भाव सांगायचा व्हय रं गड्या?"

"माल माझा हाय," आकाराम म्हणाला. "सकाळी हळकुंड मोडून तिनंच बघितलंय. बसू दे."

मी आप्पांच्या जागी बसले. केरबाने रुमाल दोनदा सारखा केला आणि माझी बोटे इतक्या हलक्या हाताने धरली की काही कळेना.

"केरबाकाका, नीट दाबा. हळद घ्यायला आलाय, लाजायला न्हाई."

लोक हसले. केरबाही हसला, आणि बोटे दाबली. भाव स्पष्ट कळला. कमी होता.

"न्हाई," मी म्हणाले. "परत सांगा."