थांबलीस तिथं खूण

"थांबलीस."

हनुमंत तिकोन्यांनी समासात पेन्सिलीची बारीक खूण केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून वीस मिनिटं.

"श्वास घ्यायला थांबले हो, सर," यशोधरा म्हणाली.

"तीनदा? नेमका याच वाक्याला?"

वाक्य असं होतं: 'प्रस्तुत अभ्यासातून महामार्गालगतच्या विक्रेत्या स्त्रियांचे सर्वांगीण सक्षमीकरण झाल्याचे निर्विवाद दिसून येते.' दोनशे चौदा पानांच्या प्रबंधातलं शेवटचं वाक्य. प्रबंध आज पाचच्या आत पुण्याला विद्यापीठात जमा व्हायचा होता. नाहीतर यशोधराची नोंदणी संपत होती आणि तिच्याबरोबर सहा वर्षं. लोणावळ्याहून साडेअकराची लोकल चुकली की मग दुपारी उशिरापर्यंत दुसरी नव्हती. त्यात अकरा वाजता महाविद्यालयाची तपासणी समिती येणार होती.

समितीला जे दाखवायचं होतं त्यात हा कक्षही होता. 'संशोधक विद्यार्थी लेखन व व्यावसायिक विकास साहाय्य कक्ष.' फलक दाराच्या दोन्ही बाजूंना वीत वीत बाहेर गेलेला. आत एक टेबल, दोन खुर्च्या आणि तिकोने. तिकोने मूळचे ग्रंथालयातले परिचर. एम.ए. झालेले, पीएच.डी. अर्ध्यात सुटलेली. तीन वर्षांपूर्वी प्राचार्यांना कक्ष उघडायचा होता, त्यात बसवायला माणूस हवा होता, आणि तिकोने रिकामे दिसले. तोवर सगळे त्यांना मामा म्हणत. त्यानंतर सर म्हणावं, असं परिपत्रक निघालं.

तिकोन्यांना एकच गोष्ट येत होती. विद्यार्थ्यानं मोठ्यानं वाचायचं, आपण ऐकायचं, जीभ अडेल तिथं खूण करायची. अडलेलं वाक्य एक तर उसनं असतं, नाहीतर खोटं. नोकरीच्या अर्जालाही हाच उपाय. एका मुलाची गाडी 'मी नेतृत्वगुणसंपन्न असून' याच्या पुढे जाईना. ते खोडलं, तेव्हा त्याला तळेगावच्या कारखान्यात नोकरी लागली. नियमही एकच: वाचन चालू असताना कुणी उठायचं नाही.

"ते वाक्य सरांचं आहे," यशोधरा म्हणाली. सर म्हणजे तिचे मार्गदर्शक. "म्हणाले, शेवट आशावादी हवा."

"त्यांची सही झालीय?"

"सही झालीय. वाचायचं राहिलंय."

"मग त्यांना घाई नाही. तुझं वाक्य कुठंय?"

टेबलाखाली तिचा पाय शिलाई मशिनवर असल्यासारखा हलत होता.

एवढ्यात प्राचार्य आले. मागे पंधरा मुलं, प्रत्येकाच्या डोक्यावर कॅन्टीनमधली एकेक प्लॅस्टिकची खुर्ची.

"तिकोने सर, हे तुमचे संशोधक."

"हे तर एफ.वाय. बी.कॉम.चे आहेत."

"आज नाहीत."

सत्यम नावाच्या मुलानं खुर्ची खाली ठेवत विचारलं, "सर, समितीनं काही विचारलं तर?"

"'संशोधनपद्धती' म्हणायचं आणि वहीत मान घालायची." प्राचार्य यशोधराकडे वळले. "तू जरा मागच्या खोलीत बस. खरी विद्यार्थिनी आहेस, काहीतरी खरं बोलून जाशील." मग तिकोन्यांच्या हातात पुष्पगुच्छ ठेवून म्हणाले, "समिती दारात दिसली की उठायचं. या कक्षाची मंजुरी याच महिन्यात संपतेय, लक्षात आहे ना?"

ते गेले. यशोधरा मागच्या खोलीत गेली नाही. अकराला पाच कमी असताना तिचा फोन वाजला. तिची आई, भागुबाई, कार्ल्याला रस्त्याच्या कडेला कणसं भाजून विकते. तिचा फोन स्पीकरवर घ्यायची गरज नसते.

"निगालीस का न्हाई?"

"एक वाक्य राहिलंय, आई."

"येका वाक्याला येवढा येळ? मी दिसभर बोलते, कुटं आडत न्हाई!"

"ओरडू नको गं. जरा बस खाली, दम घे."

"बसू कुटं? खुर्ची गिऱ्हाइकाला हाय."

यशोधरानं फोन कानाला तसाच ठेवला. मग टेबलावरचं पेन ओढलं, जुनं वाक्य आडवं खोडलं आणि खाली दोन ओळी लिहिल्या.

"वाच," तिकोने म्हणाले. "वरच्या परिच्छेदापासून."

ती वाचायला लागली आणि समिती दारात आली. तिघं जण, अध्यक्ष पुढे. पंधरा संशोधक धडपडून उभे राहिले. अध्यक्षांच्या खांद्यामागून प्राचार्य भुवयांनी तिकोन्यांना उठवत होते. तिकोन्यांनी पुष्पगुच्छाकडे पाहिलं, पेन्सिल समासावर धरली आणि ऐकत राहिले.

"'...अभ्यासलेल्या बेचाळीस स्त्रियांपैकी एकीच्याही दुकानात तिला स्वतःला बसायला जागा नव्हती. होत्या त्या खुर्च्या गिऱ्हाइकांसाठी होत्या.'"

कुठंही न अडता वाचन संपलं. समिती दीड मिनिट उभी होती. सवय नसेल, तर दीड मिनिट फार असतं.

अध्यक्षांनी सत्यमला विचारलं, "तुम्ही कशावर संशोधन करता?"

"संशोधनपद्धती."

"कशाची?"

"सर, मी एफ.वाय.ला आहे."

पान बदलून होईस्तोवर लोकल गेली. भागुबाईंचा पुन्हा फोन. "तू रिक्षा करून हितं ये. मी पुन्याची गाडी थांबवते. रोज धा थांबवते, आज का न्हाई थांबायची?" कणसं घ्यायला थांबलेल्या सहलीच्या बसमध्ये, पुण्याच्याच एका शाळेच्या शिक्षकांत दाटीवाटीनं बसून यशोधरा पुण्याच्या वाटेला लागली. प्रबंध चार वाजून पन्नास मिनिटांनी जमा झाला.

समितीचा अहवाल महिन्याभरानं आला. 'कक्षप्रमुख उठून उभे राहिले नाहीत.' तिकोन्यांनी तो मोठ्यानं वाचून पाहिला. कुठंही अडलं नाही. वाक्य खरं होतं. कक्षाच्या जागी संगणकावरची एक प्रणाली आली, ती कुणालाच वाचायला लावत नाही. दोन्ही खुर्च्या स्वागतकक्षात गेल्या. परिपत्रक न काढताच सगळे पुन्हा मामा म्हणू लागले.

पावसाळा संपता संपता यशोधराचा प्रबंध ग्रंथालयात आला, काळ्या कापडी बांधणीत, सोनेरी अक्षरांचा. त्यावर शिक्का मारून क्रमांक घालायचं काम मामांचंच. शिक्का मारला. ऋणनिर्देशाचं पान त्यांनी मुद्दाम उघडलं नाही. तिथं ते स्वतः अडले असते. थेट दोनशे चौदावं पान काढलं आणि रिकाम्या ग्रंथालयात, दोन कपाटांच्या मध्ये उभ्यानंच, शेवटच्या ओळी मोठ्यानं वाचल्या.

सवयीनं हात कानावरच्या पेन्सिलीकडे गेला होता. त्यांनी पेन्सिल तशीच राहू दिली आणि प्रबंध कपाटात लावला.