जुन्नरचं संकलन

मंचरच्या बाजारपेठेत, कांद्याच्या वखारीवरच्या माडीत सयाजीरावांचं कॉम्प्युटर ऑफिस होतं. २००३ सालच्या त्या दुपारी तिथं प्रोग्रॅम लिहिणाऱ्या वृषालीच्या डोक्याला ताप झाला होता. जुन्नरची एक आणि मंचरची एक अशा दोन दूध डेअऱ्या एक झाल्या होत्या, आणि त्यांचे प्रोग्रॅमही एक करायचे होते. फायली शेकडो, पण दूध मोजून घेणाऱ्या भागाचं नाव दोन्हीकडे एकच, 'संकलन'. कॉम्प्युटर बिचारा आधी सापडेल ते संकलन उचलायचा, आणि जुन्नरचं दूध खुशाल मंचरच्या नावावर चढवायचा.

"त्यात काय एवढं?" सयाजीराव म्हणाले. "आपलं आधीपासनं हाय. नव्यानं आलंय त्याचं नाव बदला की."

वृषालीनं की-बोर्डवरचा हात काढून घेतला. हे वाक्य तिनं आधीही ऐकलं होतं, स्वतःच्याच लग्नात.

माहेरची ती इंद्रायणी. जुन्नरजवळ लेण्याद्रीच्या पायथ्याशी तिचे वडील रखमाजी बांधावरून "इंद्रायणीऽऽ" अशी हाक मारायचे, आणि ती ओढ्यापलीकडून ओ द्यायची. सासरी थोरली जाऊही निघाली इंद्रायणीच! एका घरात दोन कशा चालतील? नव्या नवरीचं बदला, असं ठरलं. नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं 'वृषाली' लिहिलं, पाहुण्यांनी पेढे खाल्ले, झालं. नाव काही वाईट नव्हतं. पण तिला विचारलं कुणी? आता वडीलही गेले होते. त्या हाकेसाठी तिचा जीव तुटायचा.

"न्हाई साहेब, नाव बदलायचं न्हाई," ती म्हणाली. "आमच्या गावात दोन साळुबाई व्हत्या. एक वरल्या आळीची, एक खालल्या आळीची. हाक मारणाऱ्यानं आळी सांगायची, बस्स."

मग तिनं दोन्ही संकलनं आपापल्या फोल्डरात सुखानं नांदू दिली. जिथं जिथं त्यांना बोलावलं होतं ती ओळ न् ओळ हुडकून तिनं नावाआधी गाव लिहिलं. काम किचकट होतं आणि सयाजीरावांची कुरकुर चालूच होती. पण संध्याकाळी जुन्नरचं दूध जुन्नरच्या नावावर पडलं, तेव्हा तेच म्हणाले, "बेस झालं, राव!"

घरी जाऊबाई भाकरी थापत होत्या. वृषालीनं हसत हसत सगळं सांगायला घेतलं, पण साळुबाईपाशी येता येता तिच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या येळंला आळी कुणी सांगितली न्हाई." जाऊबाईंनी भाकरी तशीच परातीत ठेवली.

"माझ्यापायी तुझं नाव गेलं व्हय गं? मला तरी कुणी इचारलं व्हतं तवा?"

वृषाली डोळे पुसत ओसरीवर जाऊन बसली. थोड्या वेळानं ताटं वाढून जाऊबाईंनी आतून हाक मारली.

"जुन्नरच्या इंद्रायणी, चल, जेवाय ये!"

वृषालीनं ओसरीवरूनच ओ दिली, ओढ्यापलीकडून द्यायची तशी.