उघडा पत्रा

गाण्याची मास्तरीण तिसऱ्यांदा गाडी घेऊन आली, तेव्हा दादाने गॅरेजच्या दारातूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आता आणखी काय बिघडवायचं ठेवलंयस त्या स्टिरिओत?" हे तिला नव्हतं, मला होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण गिऱ्हाइकासमोर भांडायचं नाही असा आमच्या घरचा नियम आहे, आणि तो पाळायची वेळ नेमकी माझ्यावरच येते.

मास्तरीण भली बाई. शिकवण्यांसाठी दिवसभर गाडीने फिरते आणि वाटेत शिष्यांनी पाठवलेलं गाणं ऐकते. "शिट्टी बेसूर असती तर एक वेळ सोडून दिलं असतं," ती मला म्हणाली. "पण ती सुरात आहे हो. गाडीचा वेग वाढवला की वर चढते, कमी केला की उतरते. पोर गातंय की गाडी, तेच कळत नाही."

"आज सोडवते," मी म्हणाले.

"मागच्या वेळीही हेच म्हणाली होती," दादा म्हणाला आणि मास्तरणीकडे बघून हसला.

गॅरेज तसं बाबांचं. त्यांनी उभा जन्म गाड्या रंगवल्या. आता पत्र्याचं आणि रंगाचं काम दादा बघतो, आणि खिडकीजवळचा कोपरा माझा: दिवे, हॉर्न, बॅटऱ्या, स्टिरिओ. हा कोपरा मला कुणी ओवाळणीत घातलेला नाही, मी भांडून घेतलाय. दादा तेव्हा म्हणाला होता, गॅरेजात मुलगी बसवली तर लोक हसतील. लोक हसले नाहीत, गाड्या घेऊन आले. पण अलीकडे माझ्या हातच्या गाड्या परत यायला लागल्या होत्या. आधी बेकरीवाल्याची व्हॅन, मग दातांच्या डॉक्टरांची गाडी आणि आता ही. तिन्हींत तीच शिट्टी. त्या दिवशी सकाळीच दादाने मला सांगून टाकलं होतं, "ही गाडी आज गप्प झाली नाही, तर उद्यापासून तुझ्या वहिनीचा भाऊ इथे बसेल. तू फोन घे, आल्यागेल्याला पाणी दे." मेहुण्याची वर्णी लावायला याला निमित्तच हवं होतं, असं मी धरून चालले. पाणी दे म्हणे.

मी गाडी आत घेतली आणि तिचं दार आपटलं. दाराचा काही दोष नव्हता.

इंजिन बंद ठेवून स्टिरिओ लावला. शांत. इंजिन चालू केलं, शिट्टी हजर. रेस वाढवली, शिट्टी चढली. म्हणजे आवाज अल्टरनेटरचा, इंजिनावर फिरून बॅटरी भरतो त्याचा, आणि तो कुठूनतरी स्पीकरपर्यंत पोचत होता. गाण्याचा आवाज पार शून्यावर आणला तरी शिट्टी तेवढीच. एरियलची वायर उपसली तरी तेवढीच. म्हणजे ती हवेतून येत नव्हती. मागच्या दोन्ही खेपांना मी इथपर्यंत आले होते. एकदा फिल्टर बसवला, एकदा स्पीकरच्या वायरी दुसऱ्या बाजूने फिरवून आणल्या. दोन्ही वेळा शिट्टी बारीक झाली, आणि मास्तरीण मोठ्या रस्त्याला लागली की पुन्हा डोकं वर काढत राहिली.

अर्थचा जोड मात्र मी तपासलाच नव्हता. कशाला तपासू? तो मी माझ्या हाताने दिला होता. डिकीत, स्टिरिओच्या अॅम्प्लिफायरशेजारी, रंग सँडपेपरने घासून पत्रा लख्ख उघडा केला होता आणि त्यावर अर्थची वायर बोल्टने आवळली होती. करंट परत जायचा रस्ता तो, तिथे उघडा पत्राच लागतो. बसवलं त्या दिवशी शिट्टीचं नावही नव्हतं, मी स्वतः ऐकलं होतं.

पण आता दुसरं काही उरलंच नव्हतं. एक लांब वायर घेतली. एक टोक अॅम्प्लिफायरच्या अर्थला लावलं, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. शिट्टी गेली. इतकी गेली की क्षणभर वाटलं स्टिरिओच बंद पडला.

मी डिकीत वाकले, बोल्ट खोलला आणि वायरीचं कडं उचललं. खाली उघडा पत्रा नव्हता, रंग होता. गाडीच्याच छटेचा, दोन हात दिलेला, गुळगुळीत, कडेला एक ओघळ नाही. कुणीतरी बोल्ट काढून ती जागा रंगवली होती, नीट वाळू दिली होती आणि बोल्ट होता तसा परत बसवला होता. गबाळ्या रंगाऱ्याने बोल्टवरूनच ब्रश ओढला असता आणि माझं काही बिघडलं नसतं. हे मन लावून केलेलं काम होतं.

"दादा, आत ये."

"हाताला पॉलिश आहे."

"असू दे. ये."

तो आला. मी टॉर्चचा उजेड त्या जागेवर धरला. त्याने जागा पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, मग हात पुसायला फडकं शोधू लागला. त्याला आश्चर्य वाटलं नाही. तीस वर्षं मी हे तोंड बघतेय, मला कळतं.

"तू केलंस हे," मी म्हणाले. "मला हाकलायचं होतं तर सरळ सांगायचं. माझ्या कामात माती कशाला कालवलीस?"

"वेडी आहेस का? हळू बोल."

"का हळू बोलू? तीन गाड्या परत आल्या. तिन्ही वेळा तू माझी चारचौघांत शोभा केलीस."

"मी नाही, बाबांनी केलंय," तो दात आवळून म्हणाला. "आता तरी हळू बोल. ते मागेच बसलेत."

बाबांची नजर अधू झाली तसा दादाने त्यांच्या हातातून स्प्रे-गन काढून घेतली, पण त्यांना घरी बसवायचा धीर कुणालाच झाला नाही. म्हणून गाडी बाहेर पडायच्या आधी तिच्यावरून शेवटचा हात फिरवायचं काम त्यांना दिलं होतं. आतून, बाहेरून, डिकीतून बोटं फिरवायची, खडबडीत लागलं की सांगायचं. उघडा पत्रा म्हणजे उद्याचा गंज, हे त्यांनी आम्हाला लहानपणापासून घोकून घेतलंय. टिकलीएवढी जागा उघडी राहिली तरी त्यांना जेवण गोड लागायचं नाही. माझी घासलेली जागा त्यांच्या बोटांना लागली असणार. पोरीच्या हातून राहून गेलं म्हणून त्यांनी ते गुपचूप निस्तरलं असणार. मी गाडी तपासून दादाच्या ताब्यात देते, त्यापुढचं मला काही दिसत नाही.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"डॉक्टरांच्या गाडीपासून. पाना घेऊन डिकीत वाकले होते."

"आणि गप्प बसलास."

"काय सांगू त्यांना? शेवटचा हातही आता नको म्हणू? तेवढंच उरलंय त्यांच्याकडे. आणि ऐकायचंच आहे तर ऐक. मेहुण्याला आणायचं मी नाही काढलं. बाबांनीच काढलं. कान शाबूत आहेत त्यांचे. परत आलेल्या गाड्यांची शिट्टी ऐकतात आणि म्हणतात, पोरीला हे झेपत नाहीये, तिची आणखी फजिती व्हायच्या आत दुसरा माणूस बघ."

मला खरं तर रडू यायला हवं होतं. आला तो रागच. बाबांनीच काम बिघडवायचं, बाबांनीच मला नापास करायचं, आणि सगळं माहीत असलेल्या या माणसाने दारात उभं राहून माझी चेष्टा करायची. वर तोंड करून सांगतोय, बाबांना जपतोय. माझ्या जिवावर जपत होता, स्वतःच्या नाही.

त्याने माझा दंड धरला. "हे बघ. आजची गाडी नीट कर. मेहुण्याचं मी बघतो, तो येणार नाही. बाबांना काही बोलू नकोस. त्यांचा हात फिरून झाला की तू मागून परत घासत जा. मिटलं?"

मिटलं? कोपरा राहिला असता. आणि बाबा मरेपर्यंत समजत राहिले असते की ही पोर दयेवर बसलीय इथे. मी दंड सोडवून घेतला आणि मागच्या दाराकडे गेले.

बाबा स्टुलावर बसून ब्रश रॉकेलमध्ये धूत होते. मी त्यांना हाताला धरून आणलं आणि त्यांचं बोट डिकीतल्या त्या जागेवर ठेवलं. मास्तरीण एव्हाना गाडीशेजारी येऊन उभी होती. गिऱ्हाईक ऐकतंय तर ऐकू दे, म्हटलं.

"काय लागतंय, बाबा?"

"गुळगुळीत आहे," ते खुशीत म्हणाले. "राहून गेलं होतं तुझं. केलं मी नीट."

"राहून गेलं नव्हतं. तिथे पत्रा उघडाच लागतो. रंग मध्ये आला की करंटला नीट रस्ता मिळत नाही आणि शिट्टी येते. व्हॅन, डॉक्टरांची गाडी, ही गाडी. तिन्हींत मी घासलं आणि तुम्ही रंगवलंत. माझं काम चुकलं नव्हतं."

माझा आवाज मऊ नव्हता. दादा "अगं" म्हणाला. बाबांचं बोट तिथेच राहिलं.

"याला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"त्यालाच विचारा."

"बाबा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी..."

"सांगितलं असतंस तर ऐकू आलं असतं मला," बाबा म्हणाले. "पोरीला उठवायला निघालो होतो मी. आणि तू मला उठवू दिलं असतंस." मग माझ्याकडे हात केला. "सँडपेपर दे."

"मी घासते," मी म्हणाले. "आणि तुम्हीही मला विचारलं नाहीत, बाबा. हे उघडं का ठेवलंस पोरी, एवढंच विचारायचं होतं."

"नाही विचारलं," ते म्हणाले.

मी घासलं. पत्रा लख्ख झाला, कडं ठेवलं, बोल्ट आवळला, ती लांब वायर काढून टाकली. मास्तरणीने इंजिन चालू करून रेस वाढवली. स्टिरिओतून कुणीतरी लहान मुलगी गात होती, तिच्या मागे काही नव्हतं. बाबा मान कलती करून ते गाणं पूर्ण होईपर्यंत ऐकत राहिले.

"बेकरीवाल्याला फोन लाव," ते दादाला म्हणाले. "मग डॉक्टरांना. गाड्या आणायला सांगू."

"मी सांगतो ना, वायर सैल होती म्हणून."

"वायर सैल नव्हती. लाव."

दादाने लावला. बाबांनी फोन त्याच्याकडून ओढून घेतला. "व्हॅन घेऊन या," ते म्हणाले. "मुलीने काम चोख केलं होतं. बिघडवलं मी. मला आता दिसत नाही."

आमच्या घरात बाबांच्या नजरेबद्दल 'उजेड कमी पडतो' असं म्हणायची पद्धत होती. दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. माझा राग गेला नव्हता, त्याच्यावरचा नाही आणि बाबांवरचाही नाही. डॉक्टरांचा नंबर मी लावला आणि फोन बाबांच्या कानाशी धरला.