धाकट्याचं अस्वल

"मग कोल्हा अस्वलाला म्हणाला, की... थांबा हां, आधी मधाचं पोळं येतं," असं म्हणून काटेवाला अडला.

हॉस्पिटलातला अख्खा वॉर्ड त्याच्याकडे बघत होता. उभ्या जन्मात त्याने कधी गोष्ट सांगितली नव्हती. दुकानोदुकानी फिरून वजनकाटे दुरुस्त करायचे हे त्याचं काम, आणि बोलणंही तसंच, मोजूनमापून. गोष्टी सांगायचा तो त्याचा धाकटा भाऊ. शाळांमधून, बाजाराच्या चौकांमधून लबाड कोल्ह्याच्या गोष्टी सांगून त्याने पोट भरलं. कोल्हा दरवेळी नवी थाप मारायचा आणि दरवेळी एक बावळट अस्वल फसायचं. ते खाली मान घालून चालायचं, प्रत्येक वस्तू दोनदा तपासून बघायचं. लोक पोट धरधरून हसायचे, आणि काटेवाला रस्त्याने निघाला की कुणीतरी हळूच म्हणायचं, "अस्वल आलं बघ."

"मीच सापडलो का रे तुला?" त्याने एकदाच विचारलं होतं.

"अरे दादा, गंमत आहे ती," धाकटा हसला होता. त्यानंतर कित्येक वर्षं काटेवाला त्याच्या घरची पायरी चढला नाही.

आता घशातली गाठ काढताना धाकट्याचं स्वरयंत्रच काढावं लागलं होतं. आवाज परत येणार नाही, हे डॉक्टरांनी दोघांनाही सांगून टाकलं होतं. हातांना सुया लावलेल्या, म्हणून लिहिणंही बंद.

शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी आज विषय काढला. "तुमच्या भावाच्या गोष्टी ऐकल्यात मी. फार हसवायचा. आता तुम्हीच सांगा एखादी."

धाकट्याने भुवया उडवल्या. सांग की.

म्हणून काटेवाला सांगत होता, अडखळत, मागचं पुढे करत. कोल्ह्याचा आवाज त्याला जमत नव्हता. अस्वलाचा काढावाच लागत नव्हता. माणसं हसायला लागली.

"तर पोळ्याखाली खड्डा होता. वर पाला पसरलेला. अस्वलाने पाऊल उचललं आणि..."

धाकट्याने त्याचं मनगट धरलं. नाही म्हणून मान हलवली.

"काय झालं? चुकलं का माझं?"

पुन्हा तीच मान.

"पडत नाही का ते? तू तर नेहमी पाडायचास."

धाकट्याचे डोळे भरून आले. ओठ भराभर हलू लागले. काटेवाला अगदी तोंडाजवळ वाकला. गळ्यातल्या नळीतून श्वास तेवढा सूं सूं करत होता.

"परत सांग. सावकाश."

धाकट्याने परत सांगितलं. एक शब्द कळेल तर शपथ. पदरचं काही जोडून द्यावं, तर ते काटेवाल्याला कधी आलंच नव्हतं.

"मग? पडलं का अस्वल?" आजोबांनी विचारलं.

काटेवाला सरळ बसला. भावाचा हात त्याने जपून आपल्या मांडीवर घेतला.

"पुढचं याला ठाऊक आहे," तो म्हणाला. "जरा बरं वाटू दे. मग तोच सांगेल."

आजोबांनी धाकट्याच्या गळ्यातल्या नळीकडे पाहिलं.

"बरं," ते म्हणाले, आणि कुशीवर वळले.