मान कोण धरणार

पार्लरवालीच्या धाकट्या नणंदेचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. तिने कोमट पाण्याची बादली आजींच्या पलंगाशी ठेवली, उशीवर मेणकापड पसरलं, आणि पाण्याला हात लावण्याआधी पिशवीतून कागद काढला.

घरोघरी जाऊन आजाऱ्यांचे केस धुणं-कापणं हे तिचं काम. मागे एका म्हाताऱ्यांच्या कानाला कात्री लागली होती. जखम तिळाएवढी, बोभाटा गावभर. निम्मी गिऱ्हाइकं तुटली, तेव्हा नवऱ्याने वकिलाकडून हा कागद करून आणला. काही बरंवाईट झालं तर पार्लर जबाबदार नाही, आणि खाली नातेवाइकाची सही. खुद्द गिऱ्हाइकाची चालणार नाही, कारण भांडायला नातेवाईकच येतात, असं त्याचं म्हणणं. सही नाही तर पाणी नाही, हे त्याने तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

आजी पडल्या होत्या. मानेचं हाड तडकलेलं. पडून पडून केसांच्या जटा झाल्या होत्या. जपून धुवा, हिसका नको, असं डॉक्टर सांगून गेले होते. आणि उद्यापर्यंत गुंता सुटला नाही तर मुळापासून कापणार, असं नर्सबाई. त्या धसक्याने आजी सकाळपासून जेवल्या नव्हत्या.

आजींच्या थोरल्या मुलाने कागद वाचला आणि धाकट्याकडे दिला. धाकटा म्हणाला, दादा असताना मी कशी करू. दादा म्हणाला, आईचं सगळं हाच बघतो. कागद दोघांत फिरत राहिला. मुलं वाईट नव्हती. उद्या काही झालं तर भाऊ काय म्हणेल, एवढंच दोघांच्या पोटात होतं.

"आण इकडे, मी अंगठा देते," आजी म्हणाल्या. "डोकं माझं, आणि मालकी यांची."

"तुमचा चालत नाही हो, आजी."

"मग राहू दे बाई. तुझंही पोट आहे."

आजींनी डोळे मिटले. पार्लरवालीने मेणकापडाची घडी घातली, बादली उचलली आणि दारापर्यंत गेली. तिथेच थोडा वेळ उभी राहिली. मग बादली खाली ठेवली, कागद दाराच्या चौकटीवर धरला आणि नातेवाइकाच्या जागी स्वतःची सही केली.

"पाणी निवायच्या आत या," ती थोरल्याला म्हणाली. "मान तुम्ही धरा."

तो आला. पलंगाशी गुडघे टेकून त्याने दोन्ही तळव्यांत आईचं डोकं घेतलं. धाकटा न सांगता पाणी ओतू लागला. एकेक जट सुटेपर्यंत थोरल्याने हात हलवला नाही. नाकावरचा घामसुद्धा पुसला नाही.

"लहानपणी तुझी धरायचे मी," आजी म्हणाल्या. "किती रडायचास."



संध्याकाळी घरी तिच्या नवऱ्याने कागद दोनदा वाचला.

"अगं, सगळं आपल्याच अंगावर घेतलंस."

"हो."

तो उठला. मग तेलाची बाटली आणली आणि पाण्याने सुरकुतलेली तिची बोटं चोळत बसला.

त्यानंतर दर आठवड्याला तिला त्या घरून बोलावणं येई. हिवाळा सरता सरता, एका गुरुवारी दुपारी, आजी झोपेतच गेल्या.