वाकड्या मानेचा सतरा-एकोणीस

"ह्या लोखंडाला घरात जेवढा मान हाय, त्याच्या निम्मा मला मिळाला असता तर मी रोज हसत भाकरी थापली असती!"

निशाताई असं पुटपुटल्या आणि त्यांनी मला परातीशेजारून उचलून खिडकीत ठेवलं. मी तेलकट होतो, परातीत पीठ होतं, त्यामुळे त्यांचं काही चुकलं नाही. पण मित्रांनो, खिडकीत ठेवण्याआधी त्यांनी मला फडक्याने पुसलं, हेही सांगायला हवं.

मी एक जुना रिंग पाना आहे. माझ्या एका टोकात सतरा नंबरचा नट बसतो, दुसऱ्यात एकोणीसचा. माझा जन्म कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका कारखान्यातला. लालभडक तापलेल्या सळईवर घणाचे ठोके पडले आणि आम्ही दोनशे भावंडं एका दिवसात जन्मलो. बाकी सगळे सरळ निघाले. मी तेवढा मानेत वाकलो. तपासनिसाने माझ्यावर खडूने फुली मारली आणि मला भंगारात भिरकावलं. पुरता गारही झालो नव्हतो हो मी!

तिथून मला उचललं निशाताईंच्या नवऱ्याने, नागसेन यांनी. ते त्याच कारखान्यात फिटर होते. साहेब म्हणाले, "अरे, चांगला घे की. हा वाकडा हाय."

"वाकडा हाय म्हणूनच पायजे साहेब," नागसेन म्हणाले. "अडचणीत घुसंल."

त्या एका वाक्यावर मी आजवर जगलो आहे.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली नागसेन यांनी शाहूपुरीतल्या एका डॉक्टरांची जुनी गाडी घेतली. लाल, बुटकी, मागे उघडणारं दार. अंग एवढंसं, पण इंजिन तिच्या अंगाला न शोभणारं दांडगं. चढावर मोठमोठ्या गाड्या धापा टाकायच्या आणि ही शेजारून सुर्रकन निघून जायची. "ही गाडी न्हवं, संकेश्वरी मिरची हाय," असं नागसेन सगळ्यांना सांगायचे. पुढे त्यांनी तिला रुंद टायर आणि चकचकीत अलॉयची चाकं बसवली, तेव्हा शिवाजी पेठेतली पोरं गल्लीत येऊन बघून गेली.

पण मिरचीला सांभाळावं लागतं. नागसेन यांनी ठरवलं होतं, की गाडीला बाहेरचा हात लावू द्यायचा नाही. दर रविवारी सकाळी चाकांमागे दगड लागायचे, जॅक चढायचा आणि ते पाठीखाली पोतं टाकून गाडीखाली सरकायचे. ऑइल बदलायचं तर माझं सतराचं टोक. चाकं मागची पुढे करायची तर एकोणीसचं. चारही नट समोरासमोरचे आवळायचे, आधी हलके, मग जोराने. शेवटच्या झटक्याला नट करकरायचा. तो आवाज ऐकला की माझी छाती फुगायची. पान्याला छाती नसते, पण तुम्ही समजून घ्या.

एकदा गॅरेजवाले मीरासाब गल्लीतून जाताना थांबले. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, कान देऊन इंजिन ऐकलं आणि म्हणाले, "नागसेन, तुझ्यासारखी चार गिऱ्हाइकं झाली, तर मला गॅरेज बंद करून भजी तळावी लागतील बघ!" मित्रांनो, याहून मोठं प्रशस्तिपत्रक कुठल्या हत्याराला मिळालं असेल?

मग दोन हजार पाच साल आलं. कारखान्यात एक जड साचा नागसेन यांच्या उजव्या मनगटावर पडला. सहा आठवडे प्लास्टर होतं. तेवढे दिवस मी खिडकीत पडून होतो, आणि माझ्या कडांना गंज धरायला लागला. प्लास्टर निघालं, तेव्हा सगळे म्हणाले, "हात बरा झाला."

हात दिसायला बरा झाला होता. मला मात्र पहिल्याच रविवारी कळलं. मूठ तीच होती, पकड ती नव्हती. नट करकरण्याआधीच हात थांबायचा. नागसेन क्षणभर नटाकडे बघायचे आणि म्हणायचे, "बसला."

बसलेला नसायचा.

हे आणखी दोघींना कळलं होतं. त्यांची लेक संघप्रिया तेव्हा डिप्लोमाला जायची आणि गाडीतलं बापाइतकंच जाणायची. नागसेन हात धुऊन आंघोळीला गेले, की ती गुपचूप मला उचलायची आणि सगळे नट पुन्हा आवळायची. ती घरी नसली, तर निशाताई पदर खोचून यायच्या. "कसा फिरवायचा रं तुला?" असं मलाच विचारायच्या, आणि दोन्ही हातांनी लोंबकळून नट आवळायच्या. बाहेर आल्यावर नागसेन चाकावर थाप मारून म्हणायचे, "बघा, घरचं काम!" आणि मायलेकी म्हणायच्या, "व्हय की."

दोन वर्षं असं चाललं. कुणीच काही बोललं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर नट आवळले, त्याला ते कोणत्या तोंडाने सांगायचं?

दोन हजार सातच्या दिवाळीनंतर रत्नागिरीला, निशाताईंच्या भावाकडे जायचं ठरलं. आदल्या दिवशी नागसेन यांनी चाकं मागची पुढे केली आणि एरवी चाकापाशीच पडून राहणाऱ्या मला लगेच डिकीत ठेवलं. मग ते आंघोळीला गेले. संध्याकाळी संघप्रियाने डिकीत मला बघितलं आणि तिला वाटलं, आईने आवळून ठेवलं. निशाताईंनी बघितलं आणि त्यांना वाटलं, पोरीने आवळून ठेवलं. गुपित इतकं जपलेलं, की एकमेकींना विचारायचीही सोय नव्हती. मी डिकीत ओरडत होतो. पण पान्याचं कोण ऐकतं?

मलकापूरच्या जवळ पुढचं डावं चाक धडधडायला लागलं. नागसेन यांनी चहाच्या टपरीसमोर गाडी उभी केली, खाली वाकून नटाला बोट लावलं. नट बोटाने फिरला. दुसराही फिरला. तिसराही.

टपरीवाला किटली हातात घेऊनच आला. "पावणं, चाक तुमच्याआधी आंब्याच्या घाटात पोचलं असतं की! कुणी आवळलंतं हे?"



"रस्ता किती खराब हाय," निशाताई म्हणाल्या.

"अलॉयला बसायला वेळ लागतो पप्पा," संघप्रिया म्हणाली. मग तिचा आवाज बारीक झाला. "न्हायतर माझंच चुकलं असंल. मीच हात लावलाता."

मित्रांनो, हत्यार पुसून जागेवर ठेवा, नट दोनदा तपासा, हे मी तुम्हाला सांगणारच होतो. पण त्या रस्त्यावर मी त्याहून मोठी गोष्ट शिकलो. हत्यार धरणाऱ्या हातालाही अधूनमधून विचारावं, बाबा, तू कसा आहेस? ते विचारायची लाज वाटली, की सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो.

नागसेन यांनी मला डिकीतून काढून नटावर चढवलं आणि ओढलं. मी माझ्याकडून सगळं दिलं. नट फिरला, आणि करकरण्याआधीच थांबला. त्यांनी मला लेकीपुढे धरलं.

"तू ओढ."

"राहू दे की पप्पा."

"ओढ म्हणतोय न्हवं?"

संघप्रियाने ओढलं. नट आणखी अर्धा फेरा फिरला आणि करकर करून बसला. टपरीवाल्यानेसुद्धा ते ऐकलं.

"दर खेपेला तूच आवळत हुतीस व्हय?"

तिने मान खाली घातली. निशाताई हळूच म्हणाल्या, "कवातरी मी पण."

नागसेन रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. लाल गाडीकडे त्यांनी एकवार बघितलं. मग तो उजवा हात, ज्याने मला भंगारातून उचललं होतं, त्यांनी मायलेकींसमोर उघडा धरला. मला वाटलं होतं, माझा मालक आज लहान होईल. मित्रांनो, तो मला त्या दिवशी जेवढा मोठा दिसला, तेवढा कधीच दिसला नव्हता.

"माझ्या हातात आता जोर राहिला न्हाय," ते म्हणाले. "बाकीचे नट तू आवळ, संघे. मी मोजतो."